समुद्रावर सुट्टीला आलोय, सोबत लहान मुलं आहेत आणि पाऊस थांबत नाहीये: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही गेली सहा वर्षं १५ ऑगस्टच्या आसपास पुण्याहून कोकणात जातो, बहुतेक वेळा मालगुंडला, गणपतीपुळ्याच्या अगदी शेजारी. थोरली आता सात वर्षांची आहे आणि धाकटा साडेतीन. दरवर्षी एक तरी दिवस असा येतोच की सकाळपासून रात्रीपर्यंत पाऊस उसंत घेत नाही, आणि दरवर्षी कोणी ना कोणी मैत्रीण किंवा चुलत बहीण अशाच दिवशी कुठल्या तरी बीचवरून मला फोन करते की आता काय करू गं, पोरं डोक्यावर बसलीत. तेच तेच प्रश्न असतात म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय.

पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन समुद्रावर जायचंच कशाला?

पोहायचं असेल, बोटीत बसायचं असेल, डॉल्फिन बघायचे असतील तर पावसाळ्यात जाऊच नका, डिसेंबर-जानेवारीत जा. वॉटर स्पोर्ट्स मे अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंदच असतात. पण हिरवंगार कोकण बघायचं असेल, भाताची खाचरं, कौलांवरून गळणारं पाणी, रस्त्याकडेला प्रत्येक वळणावर एक धबधबा, तर ते फक्त याच दिवसांत. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, त्यामुळे "आपल्या नशिबातच पाऊस आला" असं काही नसतं, तो येणारच होता. हे घरून निघतानाच मुलांना सांगून ठेवा. आम्ही आता सांगतो की आपण पाऊस आणि समुद्र दोन्ही बघायला चाललोय. एवढ्या एका वाक्याने पहिल्या दिवशीची रडारड वाचते.

सकाळी उठलो तर धो धो पाऊस. आजचा दिवस गेला का?

नाही. कोकणातला पाऊस सरींचा असतो, दिवसभर पडला तरी मध्ये अर्धा तास, वीस मिनिटं उघडीप मिळते, आणि मुलांच्या हिशोबात वीस मिनिटं म्हणजे भरपूर. आमची चूक काय व्हायची की उघडीप मिळाली की मग आम्ही चपला शोधायचो, रेनकोट शोधायचो, धाकट्याला शू लागायची, आणि दारात पोचेपर्यंत पुढची सर हजर. आता सकाळी नाश्ता झाला की सगळे तयार होऊन बसतात, रेनकोट दाराशी खुंटीवर, फ्लोटर्स पायरीवर, आणि पावसाचा आवाज कमी झाला रे झाला की लगेच बाहेर.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसात एकच बाहेरची गोष्ट ठरवा. एकच. बाकीचा दिवस घरातला धरा. चार ठिकाणं ठरवून दोन होतात आणि मग सगळेच हिरमुसतात, एक ठरवून एक झाली की मुलं खूश असतात.

यलो, ऑरेंज, रेड अलर्ट म्हणजे नक्की काय? यलो असेल तर बाहेर पडायचं का?

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, आणि त्याच्यावर अत्यंत जोरदार. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत रहा, रेड म्हणजे खरोखर धोका आहे. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये यलो बऱ्याचदा असतो, तेवढ्याने घाबरून बसायला नको, जवळच्या जवळ फिरता येतं. ऑरेंज असेल तर आम्ही गावाबाहेर गाडी काढत नाही. रेडला पायरीच्या खाली उतरत नाही, आणि यात मुलांशी वाटाघाटी नाहीत. २२ जुलै २०२१ ला चिपळूण शहरात वाशिष्ठीचं पाणी कसं चढलं ते ज्यांनी जवळून बघितलंय त्यांच्याशी एकदा बोला, मग रेड अलर्ट हा शब्द हलक्यात घेता येत नाही.

विजा जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात जास्त असतात, भर पावसाळ्यात कमी. तरी गडगडाट ऐकू आला की किनारा मोकळा करायचा, झाडाखाली थांबायचं नाही, शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास आतच. फोनमध्ये दामिनी ॲप टाकून ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलंय, जवळपास वीज पडत असेल तर सांगतं.

निदान पाय तरी बुडवू देऊ का मुलांना? एवढ्या लांब आलोय.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर दरवेळी नाही असंच असतं, लोकांना राग येतो तरी.

पावसाळ्यात या किनाऱ्यावर लाट येते त्यापेक्षा ती परत जाते तेव्हा जास्त धोका असतो. पाणी मागे जाताना पायाखालची वाळू घेऊन जातं, मोठ्या माणसालासुद्धा आपण सरकतोय असं वाटतं. गणपतीपुळ्याचा समुद्र तर पोहण्यासाठी धोक्याचा म्हणूनच ओळखला जातो, वर्षानुवर्षं तिथे माणसं बुडाली आहेत, पाट्या उगाच लावलेल्या नाहीत. आणि लाटा एकसारख्या येत नाहीत, दहा-बारा लहान येतात आणि मग एक अशी येते की ती आधीच्या ओल्या रेघेच्या कितीतरी वर चढते.

चार वर्षांपूर्वी आमचंच झालं. थोरली तेव्हा तीन वर्षांची, तिच्या बाबांनी हात धरला होता, पाणी तिच्या घोट्याएवढंसुद्धा नव्हतं. एक लाट आली, पाणी तिच्या मांडीपर्यंत चढलं आणि परत जाताना तिचे पाय उचलले गेले, ती आडवी झाली. हात घट्ट होता म्हणून ती बाबांच्या हाताला लोंबकळत राहिली. एक गुलाबी चप्पल डोळ्यांसमोर गेली, परत आली नाही. सगळं मिळून पाच सेकंद. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून आमच्या घरात नियम एकच, पावसाळ्यात कोरड्या वाळूवर उभं राहायचं, आणि कोरडी वाळूच नसेल, सगळा किनारा ओला असेल, तर सुरूच्या झाडांच्या रांगेपुढे जायचं नाही.

खडकांवर तर अजिबात नको. जांभ्याच्या कातळावर पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि ते दिसतच नाही. पलीकडे हेदवीला बामणघळ आहे, खडकाच्या अरुंद भेगेत भरतीचं पाणी घुसून उंच उसळतं, बघायला जबरदस्त आहे पण लहान मुलं कडेवर असताना ती जागा नाही. मुलं मोठी होऊ देत, मग बघा.

भरती-ओहोटी कधी ते कसं कळायचं?

सगळ्यात सोपं म्हणजे जिथे उतरलात तिथल्या काकांना विचारा. ते घड्याळाकडे न बघता सांगतील.

पण एक जुना हिशोब आहे तो मुलांना फार आवडतो. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तीनच्या सुमारास भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, सकाळी-संध्याकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. अंदाज आहे, थोडं मागेपुढे होतं आणि जागेप्रमाणे बदलतं, पण थोरलीला गेल्या वर्षी पाऊणपट म्हणजे काय ते शाळेच्या आधी इथे कळलं. घरात कालनिर्णय टांगलेलं असतंच, ती रोज सकाळी स्टुलावर चढून तिथी बघायची आणि आजीला, म्हणजे होमस्टेवाल्या काकूंना, जाऊन भरतीची वेळ सांगायची, आणि त्यापण न चुकता "हो का गं, बरं झालं सांगितलंस" म्हणायच्या.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे भरती खूप वर येते आणि ओहोटी खूप खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाण्याची चढउतार कमी. पावसाळ्यात उधाणाची भरती आणि वारा एकत्र आले तर किनाऱ्यावर जायचंच नाही, लांबून वरच्या रस्त्यावरून बघा.

ओहोटीला उघडीप मिळाली तर किनाऱ्यावर काय करायचं? पाण्यात तर जायचं नाहीये.

भरपूर आहे. पावसाळ्यात समुद्र काय काय आणून टाकतो, नारळ, सुपारी, जाळ्याचे तुकडे, लाकडाचे ओंडके ज्यांना छोटे शिंपले चिकटलेले असतात. मुलांना एक पिशवी द्या आणि एक नियम द्या, जिवंत काही उचलायचं नाही आणि प्लॅस्टिक दिसलं तर ते वेगळ्या पिशवीत.

पाऊस थांबून थोडा वेळ झाला की ओल्या वाळूवर बारीक खेकडे वर येतात आणि वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती मांडत जातात, अगदी ठिपक्यांची रांगोळी. शेजारी न हलता बसलं तर खेकडा बाहेर येतो, आपण हललो की आत. आमचा धाकटा, जो जेवायला दोन मिनिटं एका जागी बसत नाही, तो एका बिळापाशी उकिडवा बसून राहिला होता, इतका वेळ की मी त्याच्या डोक्यावर छत्री धरून माझा हात अवघडला.

एक सांभाळा. पावसाळी वाऱ्याने किनाऱ्यावर निळी बटणं वाहून येतात, ब्लू बटन म्हणतात, जेलीफिशसारखा एक जीव, नाण्याएवढा गोल आणि भोवती निळ्या धाग्यांची झालर, इतकं सुंदर दिसतं की मूल हात लावणारच. हात लावला तर आग होते, खाज येते. लागलंच तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, त्रास वाढला तर डॉक्टर. मेलेली वाटली तरी त्यांना आणि जेलीफिशला हात नाही.

दिवसभर खोलीत काय करायचं? हाच खरा प्रश्न आहे.

खरंय. खोली म्हणजे पलंग आणि टीव्ही असेल तर फार अवघड आहे. म्हणून पावसाळ्यात मुलांना घेऊन जाताना मी पडवी असलेलं घर बघते, सी-व्ह्यू नसला तरी चालेल. पडवी म्हणजे डोक्यावर छप्पर आणि समोर पाऊस, मुलं बाहेर पण असतात आणि कोरडी पण.

कौलारू घर असेल तर पागोळ्या हा एक अख्खा तास आहे. कौलांच्या प्रत्येक पन्हळीतून धार पडते. काकूंकडून दोन-तीन स्टीलची भांडी, एक पितळी तांब्या, एक प्लॅस्टिकचा डबा मागून घ्या आणि मुलांना प्रत्येक धारेखाली एकेक ठेवू द्या. प्रत्येकाचा आवाज वेगळा येतो, आणि भांडं भरत जातं तसा आवाज बदलतो. थोरलीने कोणतं भांडं आधी भरतं त्याची शर्यत लावली, धाकट्याने फक्त ओतून द्यायचं काम केलं, पुन्हा पुन्हा, आणि दोघंही आपापल्या जागी खूश होती. कागदाच्या होड्या आहेतच, पण साध्या होड्या पाच मिनिटांत विरघळतात, दुधाच्या पिशव्यांच्या करा किंवा नारळाची करवंटी घ्या, करवंटी बुडत नाही.

मग अष्टचल्लस. काही ठिकाणी चल्लस-आठ म्हणतात. खडूने जमिनीवर पाच बाय पाच घरं आखायची, चारी बाजूंच्या मधल्या घरावर आणि अगदी मध्यभागी फुली. चार चिंचोके घ्यायचे आणि दगडी पायरीवर घासून त्यांची एक बाजू पांढरी करायची, हे घासायचं कामच मुलांना अर्धा तास पुरतं आणि हाताला तो भाजक्या चिंचोक्यांसारखा वास येतो. सोंगट्या म्हणून प्रत्येकाने सकाळी गोळा केलेले आपापले शंख-शिंपले घ्यायचे, चार-चार. चिंचोके टाकले की जितके पांढरे वर तितकी घरं पुढे. चारी पांढरे आले तर चार, चारी काळे आले तर आठ, आणि चार किंवा आठ पडलं की आणखी एक डाव. आधी बाहेरच्या घरांमधून फेरी, मग आतल्या घरांतून उलटी फेरी, मग मधलं घर. फुलीवर कोणी मारू शकत नाही. बाकीचे बारीक नियम गावागावात वेगळे आहेत, तिथल्या आज्जींना विचारा, बहुतेक त्या स्वतःच खेळायला बसतील. आमच्याकडे काकूंच्या सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या, जेवण टाकून खेळत होत्या आणि थोरलीची सोंगटी मारताना अजिबात दया दाखवत नव्हत्या. ते मला फार आवडलं. मुलांना कळतं कोण खरं खेळतंय ते.

तीन वर्षांच्या मुलाला हे नियम झेपत नाहीत, त्याला चिंचोके टाकायचं काम द्या.

याशिवाय पत्ते, सात-आठ वर्षांच्यांना बदाम सात आणि गुलामचोर, त्याहून लहानांना भिकार-सावकार. नाव-गाव-फळ-फूल. सागरगोटे मिळाले तर उत्तम. गाण्याच्या भेंड्या संध्याकाळसाठी राखून ठेवा, लाईट गेल्यावर.

आणि काहीच न करणं पण असू द्या. मुलं पंधरा मिनिटं "बोअर होतंय" म्हणतात, कुणी काही दिलं नाही की मग स्वतःच काहीतरी काढतात. ती पंधरा मिनिटं आपल्याला सोसत नाहीत.

मोबाईल किंवा टीव्ही द्यायचा का?

द्या, पण वेळ ठरवून. आम्ही दुपारी जेवणानंतर एक तास देतो कारण तेव्हा मलाही पडायचं असतं. सकाळी उठल्याउठल्या दिला तर दिवस हातचा जातो, मग पागोळ्या-बिगोळ्या कोणी बघत नाही. आणि घरूनच डाउनलोड करून न्या, पावसात रेंज कधी जाईल भरवसा नाही.

खायचं काय? मुलं मासे खातात पण मासे मिळतच नाहीत म्हणतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, माशांच्या प्रजननाचा काळ असतो म्हणून. ऑगस्टमध्ये बंदी उठते तरी समुद्र खवळलेला असेल तर होड्या जात नाहीत, कोळी लोक नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करूनच जातात. त्यामुळे पावसाळ्यात कोणी "एकदम ताजी सुरमई" म्हणून आग्रह करत असेल तर जरा विचारून घ्या कधीची आहे. सुकी मासळी मात्र घरोघरी असते, सुकटीची चटणी, बोंबलाचं कालवण, मुलांना तिखट कमी करून मागा.

खरी मजा बाकीच्या जेवणाची आहे. कुळथाचं पिठलं आणि गरम भात, आमसुलाचं सार, घावणे आणि नारळाचा रस, टाकळ्याची नाहीतर भारंगीची भाजी. लहान मुलांसाठी मऊ भात, मेतकूट, तूप एवढं कोणत्याही घरात मिळतं, फक्त आदल्या रात्री सांगून ठेवा. गणपतीपुळ्याला देवळात दुपारी प्रसादाची खिचडी असते, आमच्या दोघांनी घरी कधी खाल्ली नसेल एवढी तिथे खाल्ली.

श्रावणात गेलात तर पातोळ्या करायला सांगा, आणि मुलांना करू द्या. परसात हळद लावलेली असते, तिथून पानं मुलांनीच तोडून आणायची. पान पुसायचं, त्यावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर बोटांनी थापायचा, अर्ध्या भागावर गूळ-खोबऱ्याचं चुन, आणि पान मिटायचं. वाफ आली की अख्ख्या घरात हळदीच्या पानाचा वास भरतो. उकडल्यावर पान सोलून काढलं की पातोळीवर पानाच्या शिरा उमटलेल्या असतात, थोरली खायच्या आधी त्या मोजत बसली.

जवळपास छपराखाली बघण्यासारखं काय आहे?

मालगुंड-गणपतीपुळे भागात असाल तर सांगते.

मालगुंडलाच कवी केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे, साधं कौलारू घर, बाहेर दगडांवर कोरलेल्या कविता. वाचता यायला लागलेल्या मुलांनी एकेक ओळ मोठ्याने वाचायची, छत्री धरून, छान वाटतं.

रत्नागिरी आरे-वारेच्या रस्त्याने साधारण २५ किलोमीटर आहे, पावसात तासभर धरा. तिथे मुलांसाठी पहिला नंबर मत्स्यालयाचा, झाडगावला कृषी विद्यापीठाचं सागरी संशोधन केंद्र आहे त्याचं. माशांच्या टाक्या आहेत आणि देवमाशाचा सांगाडा आहे, धाकटा त्याच्या शेजारी उभा राहून "हा पण बाळ होता का" विचारत होता. मग थिबा राजवाडा. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथल्या थिबा राजाला इतक्या लांब इथे आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला, परत कधी गेलाच नाही. मोठाल्या खोल्या, लाकडी जिने, वरून भाट्याची खाडी दिसते. लहान मुलांना इतिहास कळत नाही पण "एक राजा होता आणि त्याला घरी जाऊ देत नव्हते" एवढं लगेच कळतं, थोरलीने दोन दिवस त्याच्याबद्दल विचारलं. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे, ते पंधरा मिनिटांत होतं. सरकारी संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात, निघण्याआधी चौकशी करा, नाहीतर पावसात दारापर्यंत जाऊन परत.

गणपतीपुळ्याचं प्राचीन कोकण हे संग्रहालय चांगलं आहे पण उघड्यावर आहे, रिमझिम असेल तरच. देवळामागे डोंगराची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटर, तीही रिमझिमीतच, दगड निसरडे होतात. जयगडचा किल्ला मुलांसोबत पावसाळ्यात नको, तटावर शेवाळ असतं.

गाडीने फिरायला निघावं का? घाट बंद असतात का?

मुक्कामी पोचल्यावर लांबचं फिरणं टाळाच. येताना-जाताना घाटाची बातमी बघून निघा. पुण्याहून आम्ही कराड-चिपळूण कुंभार्ली घाटाने जातो, वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात. चिपळूणजवळ परशुराम घाटात दरडी येतात. अंधार पडायच्या आत मुक्कामी, हा नियम. फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर कितीही कमी दिसलं तरी गाडी घालू नका, थांबा, मुलांना बिस्किटं द्या. रेल्वेने येणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालवतात, तेवढा वेळ धरून चला.

लाईट गेली तर?

जाणारच. पॉवर बँक चार्ज करून ठेवा, दोन टॉर्च आणा, एक मुलांच्या हातात द्या. बुक करताना इन्व्हर्टर आहे का विचारा, पंखा चालला तरी पुरतं.

कपडे वाळत नाहीत, सगळ्याला कुबट वास येतो.

जीन्स आणि जाड सुती कपडे आणूच नका. मुलांना पातळ, लगेच वाळणारे टी-शर्ट आणि चड्ड्या, माणशी रोजचे तीन जोड धरा. आतले कपडे जास्त. रात्री पंख्याखाली दोरी बांधा, एक नायलॉनची दोरी आणि क्लिपा बॅगेत असू द्या. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, दोन तासांनी बदला. ओलं आणि कोरडं कधीच एका पिशवीत नको. धाकट्याचा एक रात्रीचा ड्रेस मी वेगळ्या पिशवीत गाठ मारून ठेवते आणि काही झालं तरी दिवसा उघडत नाही.

मुलं आजारी पडली तर? साप-विंचवाची पण भीती वाटते.

पावसात भिजल्याने फारसं बिघडत नाही, ओल्या कपड्यांत तास-दोन तास बसल्याने मुलं कुडकुडतात. भिजू द्या, पण आलं की लगेच डोकं पुसून कोरडे कपडे. पाणी उकळलेलंच, बाहेरचा बर्फ आणि कापलेली फळं नको. ओआरएसची पाकिटं न्या आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट घाला, अर्धं-मुर्धं अंदाजाने नको, एक लिटरचं आणि २०० मिलीचं अशी दोन्ही पाकिटं मिळतात, गोंधळ होतो. तापाचं औषध तुमच्या डॉक्टरांनी मुलाच्या वजनाप्रमाणे दिलेलं सोबत ठेवा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात खेळू देऊ नका, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो. मच्छरदाणी सगळ्यात चांगली, बंद खोलीत कॉइल लावू नका.

साप असतात. रत्नागिरी भागात फुरसं आहे, लहान आणि मातीच्या रंगाचं, दगडांत बसतं. चपला-बूट घालताना आधी आपटून घ्यायचे, अंधारात टॉर्चशिवाय अंगणात जायचं नाही, चिऱ्यांच्या ढिगाऱ्यात हात घालायचा नाही. पोचल्याबरोबर विचारून ठेवा की जवळचा सरकारी दवाखाना कुठे आहे आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुठे मिळतं. चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मुलाला चालवायचं नाही, १०८ ला फोन आणि थेट दवाखाना. घाबरवण्यासाठी नाही लिहीत, सहा वर्षांत आम्हाला एकदाही गरज पडली नाही, पण नंबर फ्रिजवर लावलेला असतो.

आमच्यातच भांडणं होतात. पैसे खर्च करून आलोय आणि खोलीत बसलोय याची चिडचिड होते.

होते. आमची पण व्हायची, नवऱ्याने मला म्हणायचं तूच ठरवलंस आणि मी म्हणायचं तुला सुट्टीच याच दिवसात मिळते, आणि मुलं मध्ये बसून दोघांकडे बघतायत. आता आम्ही पाळी लावतो. सकाळी दोन तास तो मुलांकडे बघतो आणि मी पडवीत चहा घेऊन बसते, कोणी मला हाक मारायची नाही. दुपारी दोन तास उलटं. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना मुलं सांभाळायला आणलंय असं करू नका, त्यांनाही पाऊस बघायचा असतो.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर पाऊस नसेल ना?

ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत परतीचा पाऊस असतो, दुपारनंतर गडगडाटासह. त्यानंतर बहुतेक कोरडं, पण अरबी समुद्रात वादळ आलं तर काही सांगता येत नाही. २०१९ च्या दिवाळीत क्यार वादळामुळे ऐन सणात कोकणात पाऊस आणि खवळलेला समुद्र होता. लाल बावटा किंवा बंदरावर इशारा लागला असेल तर स्वच्छ ऊन असलं तरी पाण्यात नाही.

सलग तिसरा दिवस पाऊस आहे. परत जावं का?

रेड अलर्ट पुढच्या दिवसांचा आहे, आज रेड-ऑरेंज काही नाही आणि घाट अजून चालू आहे, तर दिवसाउजेडी निघा. रेड लागलाय किंवा घाट बंद झालाय, तर आहात तिथेच रहा, ते जास्त सुरक्षित. नुसता कंटाळा आला असेल तर मुलांना विचारा. आम्ही गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी बॅगा भरायला घेतल्या आणि थोरली म्हणाली, अगं आई, माझा डाव अर्धा राहिलाय आजीबरोबरचा. राहिलो.

धाकटा सारखा विचारतो, समुद्र कुठे गेला? पावसात काही दिसतच नाही. काय सांगू?

आमच्याने पण हेच विचारलं होतं, दारातून नेहमी दिसणारा समुद्र त्या दिवशी पांढऱ्या पावसामागे पूर्ण नाहीसा झाला होता. मी म्हटलं आहे तिथेच आहे, त्याला पटेना. मग रात्री लाईट गेली तेव्हा त्याला कांबळ्यात गुंडाळून पडवीत घेऊन बसले. पंखे बंद, फ्रिज बंद, पाऊस जरा ओसरलेला, पागोळ्या थेंब थेंब. आणि त्या सगळ्याच्या मागे, लांबून, एकसारखा मोठा आवाज. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग माझ्या कानात म्हणाला, आई, तो झोपला नाहीये अजून.